तिचं सायटेशन मी देणार नव्हते

थांबा, हे मला आत्ताच्या आत्ता कुणालातरी सांगायचंय, नाहीतर मी फुटेन.

आम्ही दोघी एकाच सरांकडे पीएचडी करतो, क्वांटम कम्प्युटिंगमध्ये. मी विक्रोळीची, ती बोरीवलीची. एमएस्सीपासून एकदम जिगरी. मागच्या वर्षी तिचा एक पेपर आला आणि तो सुसाट सुटलाच. क्यूबिट, म्हणजे क्वांटम कम्प्युटरमधले बिट, भयंकर नाजूक असतात ना, जरा खुट्ट झालं की चुकतात. तर चूक नेमकी कुठे झाली ते झटपट ओळखायची एक युक्ती तिने शोधली. आता जगात कुणीही ती युक्ती वापरली की आपल्या पेपरात तिच्या पेपरचा संदर्भ देतो. तेच सायटेशन. तिचे धडाधड वाढतायत. आणि माझ्या जुन्या पेपरला एकच, तेही मीच माझ्या दुसऱ्या पेपरात दिलेलं.

मला किती जळायला होतं काय सांगू! सकाळी तोंडात ब्रश असतो आणि एका हाताने मी फोनवर तिचं पान उघडून सायटेशनचा आकडा बघत असते. वाढला असेल तर चहा गोड लागत नाही. आईला पण आता सगळं कळायला लागलंय. परवा पोळ्या लाटता लाटता आपल्या मालवणीत म्हणते, "तिचा वाढता, मगे तुझा कित्याक वाढणा नाय गो?"

"माझं वजन वाढतंय ना, बास की," म्हटलं.

तर आता माझा नवीन पेपर. सर म्हणाले, या आठवड्यात पाठवायचाच. आणि त्याच्यात अगदी मधोमध तिचीच युक्ती लागते! एका ओळीचं काम होतं. 'हे अमुक पेपरात सिद्ध झालंय' असं लिहायचं, तिचा संदर्भ द्यायचा, पुढे जायचं. पण म्हणजे तिचा आकडा वाढणार, आणि तो मी वाढवणार. माझ्या हाताने! नाही म्हणजे नाही. म्हटलं, आपण तेच वेगळ्या वाटेने सिद्ध करू, मग तिचं नाव कशाला? (तरीही द्यावंच लागतं. मला माहीत होतं. डोकं चालत नव्हतं यार.)

आठवडा त्यातच गेला. एका ओळीची पानंच्या पानं झाली आणि शेवटी एका पायरीवर अशी अडकले की वाट लागली. ती पायरी समजणारी ओळखीत एकच. आज दुपारी झक मारत तिलाच फोन केला.

"बोल गं, आहेस का मेलीस?"

"ऐक ना, एक अडलंय." सांगितलं काय अडलंय ते.

"अगं वेडे, हे तर माझ्या पेपरात आहे! परिशिष्टात. सगळंच्या सगळं."

मी नुसतं पेनाचं टोपण उघडबंद करत बसले.

"तू वाचलाच नाहीस ना?" तिचा आवाज एकदम बसला. "मला वाटलंच होतं. पेपर आल्यापासून त्याच्याबद्दल एक शब्द बोलली नाहीस. सरांनी पेढे वाटले, तू पेढा खाऊन 'छान आहे' म्हणालीस. पेपरला म्हणालीस का पेढ्याला, तेच मला कळलं नाही."

'वेळच नाही मिळाला गं' म्हटलं असतं तर मी सुटले असते. ती रुसली असती, दोन दिवसांनी विसरली असती. पण तिला खरंच लागलं होतं. नाक ओढल्याचा आवाज आला मला.

"वाचलाय," मी म्हटलं.

"फेकू नकोस."

"परिशिष्टातल्या शेवटच्या समीकरणात वजा हवंय. तू अधिक लिहिलंयस. उत्तर बदलत नाही, पण चूक आहे."

पलीकडे की-बोर्ड खडखडला. मग "आयला!"

"एवढ्या लोकांनी साईट केलाय, एकाला दिसलं नाही हे. किती वेळा वाचलास तू?"

"पाठ आहे. माझ्या वेगळ्या चिन्हांत तेच आलंय हे ओळखलं नाही, एवढंच."

"मग हे सगळं स्वतः का सिद्ध करत बसलीस?"

"तुला सायटेशन द्यायचं नव्हतं म्हणून."

आता ही फोन ठेवणार, संपलं सगळं, असं वाटलं.

"जळकी कुठली!" ती ओरडली आणि मग हसायलाच लागली, नाक ओढत ओढत. "एका सायटेशनसाठी आठवडा? गपचूप दे, सरांनी विचारायच्या आत. आणि ती चूक मी दुरुस्त करून टाकते, खाली तुझे आभार मानते."

आभार! आभार मोजत नाहीत हो कुठे. माझा आकडा आहे तिथेच.

ती सगळी पानं उडवली, ती एक ओळ टाकली, तिचा संदर्भ दिला, पेपर पाठवला. आत्ताच. तिचा अजून एक वाढणार आणि मी परत जळणार, पण आता तिला माहीत असणार, एवढंच.

तुमचं झालंय का हो असं कधी? ज्याच्यावर जळता, नेमकं त्याचंच काम तुम्हाला तोंडपाठ? प्लीज सांगा, मी एकटीच नाहीये ना?