तोंड भिंतीकडे

फ्रेमवाल्याच्या दुकानात दोन तऱ्हेचे फोटो असत. काउंटरवरचे गिऱ्हाइकांचे, आणि मागच्या भिंतीवरचे क्लबच्या मॅनेजरांचे. फुटबॉल क्लबला नवा मॅनेजर आला की हा पदरमोड करून त्याचा फोटो मढवायचा, भिंतीवर लावायचा आणि वाट बघत बसायचा. वाट फार बघावी लागत नसे. ओळीने तीन सामने हरले की मंडळी मैदानावरून थेट दुकानात घुसायची, "फिरव रे त्याला!" असा गिल्ला करायची, आणि हा स्टुलावर चढून फोटो फिरवायचा. तोंड भिंतीकडे, पाठ गिऱ्हाइकाकडे. भिंतभर नुसते तपकिरी पुठ्ठे आणि त्यांवर दुकानाचं लेबल. फिरवताना दोरी मात्र तो आठवणीने सैल सोडायचा, म्हणजे खिळा काचेला लागत नाही. माणसाची अब्रू गेली तरी चालेल, काच फुटता कामा नये, असा सगळा हिशेब.

सगळा गाव त्याला भोंगा म्हणायचा. आवाजच तसा होता. पूर्वेच्या स्टँडमधून त्याने पंचाच्या सात पिढ्यांचा उद्धार केला की पश्चिमेकडची माणसं वळून बघत. "तुमच्या जिभेला हाड नाही," असं बायको म्हणायची. ती बिचारी लवकर गेली. मागे राहिली एक मुलगी. ती काउंटरखाली बसून खिळे निवडत, पुठ्ठे कापत मोठी झाली. या माणसाने आयुष्यात कुणाला मऊ शब्द दिला असेल तर तो तिलाच. तिने लग्न केलं क्लबच्या ज्युनिअर टीमच्या कोचशी. मुलगा सरळ, कामाचा, बोलायला महाकंजूष. जावई म्हणजे दहावा ग्रह म्हणतात, पण हा ग्रह कधी कुणाच्या वाटेला गेला नाही. दर रविवारी भोंगा त्यांच्याकडे जेवायला जायचा आणि सगळं बोलणं एकटाच बोलायचा.

यंदा क्लब तळाला गेला. एका सामन्यानंतर मंडळींनी मॅनेजरची गाडी फाटकात अडवली. बॉनेटवर पहिली थाप भोंग्याची होती. आत मॅनेजरची बायको रडत होती, तेही त्याने पाहिलं होतं, आणि दुकानात येऊन सांगताना त्याला त्याचं काही वाटलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मॅनेजरने राजीनामा दिला. फोटो फिरला आणि नव्या माणसाचा शोध सुरू झाला.

शोध क्लबने घ्यायचा होता, पण भांडणं भोंग्याच्या दुकानात होत होती. रोज संध्याकाळी तीन मूर्ती हजर: शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेला मास्तर, बेकरीवाला आणि बसवाला. तिघांना एकमेकांचं तोंड बघवत नसे आणि एकमेकांवाचून करमतही नसे.

"लॅपटॉपवाला आणा," मास्तर म्हणाला. "तरुण आहे, आकडे बघून खेळवतो."

"आकडे बघून तुम्ही चाळीस वर्षं शिकवलंत, मास्तर. किती पोरं पास झाली?" बेकरीवाल्याने विचारलं. "मोठ्या क्लबातला तो म्हातारा आणा. अनुभव लागतो."

"त्या म्हाताऱ्याला डगआउटमध्ये झोप लागते!"

"तुला बसमध्ये लागते ती चालते का?" बेकरीवाला बसवाल्यावर उलटला.

बसवाला हसला नाही. त्याने भोंग्याकडे पाहिलं. "तिसरं नाव ऐकलंय मी. ज्युनिअरचा कोच. म्हणजे आपल्या भोंगेरावांचे जावईबापू. म्हणूनच हे चार दिवस तोंड शिवून बसलेत. घरचंच स्थळ निघालं ना!"

भोंग्याच्या हातातला काच कापायचा हिरा मधेच थांबला. रेघ वाकडी गेली आणि काच वाया गेली. "माझा वशिला लावायला मी काय क्लबचा अध्यक्ष आहे का?" तो ओरडला. "निघा! तिघंही निघा इथून!" तिघंही निघाले, पण बसवाला जाताना हसत होता, आणि ते हसू भोंग्याच्या डोक्यात ठाण मांडून बसलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मुलगी दुकानात आली. सवयीने तिने काउंटरवरचे सांडलेले खिळे डबीत भरले.

"बाबा, शुक्रवारी क्लबने सगळ्यांना बोलावलंय. कमिटी लोकांचं ऐकणार आहे. तुम्ही जाणारच."

"जाणार."

"त्याच्या बाजूने बोलू नका, वशिला म्हणतील. विरोधात बोलायचं असेल तर मला आत्ता सांगा. एवढी एकच संधी आहे त्याला, पुन्हा कुणी विचारणार नाही." ती थांबली. "आणि ते दुसरं… मी तुम्हाला सांगितलं होतं ते चार भिंतींत राहू द्या."

दुसरं म्हणजे हे. एका रविवारी सकाळी भोंगा लवकर पोचला तेव्हा बाथरूममधून ओकारीचा आवाज येत होता. सामन्याच्या दिवशी नवऱ्याला असं होतं, मुलीने सांगितलं होतं. मग तोंड धुतो, मैदानावर जातो आणि पोरांना जिंकवून आणतो. कुणाला माहीत नाही. भोंग्याला त्या वेळी जावयाची दयाच आली होती.

"मी गप्प बसेन," तो म्हणाला. "आईची शपथ."

"शपथ नको. नुसते गप्प बसा."

शुक्रवारी क्लबच्या कॅन्टीनमध्ये प्लॅस्टिकच्या खुर्च्या कमी पडल्या. कमिटीच्या टेबलाशेजारी म्हातारा, लॅपटॉपवाला आणि जावई बसले होते. जावयाच्या हातात पाण्याची बाटली होती. लोकांनी म्हाताऱ्याचा पगार काढला, लॅपटॉपवाल्याचं वय काढलं. जावयाबद्दल मास्तरसुद्धा बरं बोलला. गाडी सुरळीत चालली होती. भोंगा खरंच गप्प होता. आयुष्यात पहिल्यांदा इतका वेळ गप्प होता, आणि त्याला ते जड जात होतं.

मग मागून बसवाल्याने खडा टाकला. "आज भोंग्याला काय झालं? वीज गेली का? सगळ्यांना शिव्या घालणारा माणूस जावयाच्या वेळी मुका! आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं!"

लोक हसले. शे-दीडशे माणसं त्याच्याकडे बघून हसली. तो आजवर ज्यांना हसवत आला तीच ही माणसं. तळपायाची आग मस्तकात गेली आणि भोंगा उभा राहिला.

"वशिला म्हणता मला? मला? अरे, माझ्या जावयाचं मला विचारा! पोराटोरांच्या सामन्याआधी ज्याला उलट्या होतात, बेसिन धरून उभं राहावं लागतं, तो सीनियर टीम सांभाळणार? मी माझ्या कानांनी ऐकलंय! माझं मत विरोधात! लिहून घ्या!"

मग मागच्या रांगेतून कुणीतरी ओकारीचा आवाज काढला आणि सगळं कॅन्टीन फुटलं. जावयाने बाटलीचं झाकण लावलं. त्याने सासऱ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. टेबलावरच्या क्लबच्या पाटीकडे बघत बसून राहिला, आणि कमिटीने विचारल्यावर, "मला काही म्हणायचं नाही," एवढंच म्हणाला.

बसवाल्याने भोंग्याची पाठ थोपटली. "मानलं! घरचा आहेर दिलास!" आणि खोटं कशाला बोला, त्या संध्याकाळी भोंग्याला बरं वाटलं. आपण किती निःपक्षपाती, हे त्याने घरी जाता जाता स्वतःलाच दोनदा सांगितलं. माणसाला मूर्खपणा करून झाला की तत्त्व आठवतं, त्यातली ही गत.

लॅपटॉपवाल्याला नेमलं. भोंग्याने त्याचा फोटो मढवला, पण कोपरे जुळेनात. मुलीला केलेले फोन तिने उचलले नाहीत. शनिवारी ज्युनिअरचा सामना होता. तो एरवी अशा सामन्याला जात नसे, त्या दिवशी गेला. जावई बाजूच्या रेषेवर येऊन उभा राहिला आणि स्टँडमधून ओकारीचे आवाज सुरू झाले. एकाने सुरुवात केली, मग दहांनी, मग सगळ्यांनी. टीममधली पोरं आपल्या कोचकडे बघत होती.

"गप्प बसा!" भोंगा ओरडला. "लाज वाटते का?"

"अरे, तूच तर सांगितलंस!" बसवाला खदखदला. "चालू दे भोंग्या, जोरात!" लोकांना वाटलं, तोही त्यांच्यातच ओरडतोय. त्याने जेवढा घसा फाडला, तेवढा आवाज वाढतच गेला. जावई शेवटपर्यंत रेषेवर उभा राहिला. टीम हरली.

रविवारी भोंगा नेहमीच्या वेळेला मुलीकडे गेला. काय बोलायचं ते त्याने रस्त्यात ठरवलं होतं. चूक झाली म्हणायचं, पण मला डिवचलं हेही सांगायचं. दार जावयाने उघडलं. "या बाबा," म्हणाला, चपलांना जागा करून दिली आणि आतल्या खोलीत गेला. त्याने दार लावून घेतलं, आपटलं नाही. आपटलं असतं तर भोंग्याला सोपं गेलं असतं.

तो बाहेरच्या खोलीत बसला. समोरच्या भिंतीवर नेहमी तीन फोटो असत: लग्नाचा, त्याच्या बायकोचा आणि दुकानाच्या दारात उभा असलेला त्याचा स्वतःचा. तो त्यानेच मढवला होता, सागवानी पट्टीत, त्याच्या हातची सगळ्यात चांगली फ्रेम.

तिसऱ्या जागी तपकिरी पुठ्ठा होता. पुठ्ठ्यावर त्याच्याच दुकानाचं लेबल.

पडला असेल आणि चुकून उलटा लागला असेल, असं त्याला आधी वाटलं. तो उठून जवळ गेला. दोरी बेताने सैल सोडली होती. खिळा काचेला लागत नव्हता.

मुलगी पदराला हात पुसत दारात उभी होती. रडली नव्हती, चिडलेलीही दिसत नव्हती. तिने बापाकडे दुकानात गिऱ्हाइकाकडे बघावं तसं पाहिलं.

"हा कधी सरळ करशील?" त्याने विचारलं. आवाज इतका बारीक निघाला की त्याला स्वतःलाच ओळखू आला नाही.

"तुमच्या भिंतीवरचा एक तरी कधी सरळ केलात?" ती म्हणाली, आणि त्याचं पान वाढायला आत गेली.