शेक आणि मिश्रीची डबी

कॅन्सरपायी गाल कापला, मानेतल्या गाठी काढल्या, टाके निघाले, आणि मला वाटलं सुटले बाई एकदाची. तर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आता रेडिएशन." आमच्याकडं त्याला शेक म्हणतात. मी म्हणलं, "गाठ बारकी होती, लवकर सापडली म्हणलात, मग पुन्हा कशाला?" त्यांनी समजावलं, काढलेल्या तुकड्याच्या पार कडेपर्यंत रोग पोचला होता, डोळ्याला न दिसणारं काही मागं राहिलं असेल तर ते मारायचं, आणि मधेच सोडायचं नाही. मग नांदेडला लेकीकडं मुक्काम ठोकला.

गरम पाण्यातून काढलेली प्लास्टिकची जाळी दाबून त्यांनी माझ्या चेहऱ्याचा साचा बनवला. रोज तो तोंडावर चढवायचा आणि टेबलाला आवळायचा. मुंडी हलवायची सोय नाही. सगळे बाहेर जायचे, आत मी आणि ती घरघरणारी मशीन. आमच्या बोरी गावात नळावरच्या भांडणात मला कुणी हरवलेलं नाही. तोंड बांधलं म्हणून काय झालं? जाळीखाली पडल्या पडल्या मी त्या रोगाला मनातल्या मनात अशा शिव्या हासडायचे की बस्स. मेल्या, माझ्याच गालात घर करतोस? निघ!

पण निम्म्यावर आल्यावर तोंड आलं, आतून सगळं सोललं. थुंकी गिळायची तरी डोळ्यांत पाणी. मानेची कातडी काळी पडली, चव गेली. वरण काय न् पाणी काय, सारखंच. खोटं कशाला बोलू, लय रडले. लेकीला म्हणलं, बास झालं आता.

नेमक्या त्याच दिवशी माझ्या थोरल्या जाऊबाई मला न्यायला आल्या. "अगं माय, काय रूप करून ठेवलंस! कापून काढलंय ना समदं? मग जाळून कशाला घ्यायलीस? चल घरी. शेकानं माणूस आतून जळतं म्हणायलेत गावात." माझा हात धरून त्या ढसाढसा रडल्या. मलाही भरून आलं. नवी नवरी होऊन आले तेव्हा ह्याच बाईनं मला लेकीसारखं सांभाळलं. दाढ दुखायला लागली तेव्हा मिश्रीची पहिली चिमूटही त्यांनीच दिली. तंबाखू तव्यावर काळीकुट्ट भाजायची, कुटायची, आणि सकाळी दोघींनी ओट्यावर बसून एकाच डबीतली दातांना घासायची. घरी कुणी बाई आली तरी पाण्याच्या तांब्यामागं डबी पुढं करायची, ही आमच्यातली रीत.

रडून झालं. जाऊबाईंनी पदरानं डोळे पुसले, कमरेची डबी काढली, स्वतः चिमूट घेतली आणि सवयीनं डबी माझ्यापुढं धरली. "घे."

मी डबीकडं बघितलं. मग त्यांच्या ध्यानात आलं, पण हात तसाच राहिला. माझ्या डोक्यात तिडीक गेली. "बाई, शेकानं माणूस जळतं व्हय? आन् ह्यानं काय होतंय?" शब्द नीट निघत नव्हते, लाळ गळत होती, तरी बोलले. "मी न्हाई येत. शेक पुरा करूनच येईन!"

 लेकीनं त्यांना चहा दिला. पहिल्याच घोटाला त्यांनी "स्स" केलं आणि गालाला हात लावला. "लय गरम हाय," म्हणाल्या. माझ्यासाठी निववलेल्या चहातलाच तो चहा होता.

पुढं मी एकही दिवस चुकवला नाही. मीठ-सोड्याच्या पाण्यानं चुळा, पातळ खिचडी, रडू आलं तर रडायचं, पण टेबलावर जाऊन पडायचं. जाळीखालच्या शिव्यांत आता डबीलाही धरलं. तो चहा काही डोक्यातून जाईना.

शेक संपला आणि मी बोरीला आले. पिशवीसुद्धा घरात न ठेवता जाऊबाईंच्या ओट्यावर गेले. त्यांनी डबी पदराखाली सरकवली. मी मोबाईलची बॅटरी लावली आणि म्हणलं, "तोंड दावा."

"मला काय झालंय गं?" जाऊबाई म्हणाल्या.

"मला तरी काय झालं व्हतं? बारका पांढरा डाग तर व्हता."

त्यांनी पदराखालची डबी चाचपली. मग हळूच म्हणाल्या, "माझ्यामुळंच झालं का गं तुला? मीच दिली व्हती पहिली चिमूट."

ह्या प्रश्नाला माझ्याकडं उत्तर होतं, पण मी ते दिलं नाही. माझा जीव होता त्या बाईवर. "दाढ दुखली तवा मी तुमचं ऐकलं. आता तुमी माझं ऐका. आ करा."

त्यांनी डोळे मिटले आणि तोंड उघडलं. डाग होता. उजव्या गालात, माझा होता तिथंच.

मी बॅटरी बंद केली. "कापडं भरा," म्हणलं, "सकाळच्या गाडीनं डॉक्टरीणबाईंकडं जायचंय. मी हाय संगं."