आम्ही जीप घेतली नाही

परवा मुलाचा फोन आला. बिडकीनच्या बाजूला त्याची कंपनी आहे, तिथं आता त्याला कंपनीची गाडी मिळणार आहे. सुनेला सातवा महिना, थोरली नात चार वर्षांची, त्यात माझी भर. म्हणाला, "आई, दोन गाड्या दाखवल्यात. एक सात जणांची अन् एक छोटी. छोटीच घ्यावी म्हणतो. हिला चढउतार नको, हादरे नकोत. मी पोटात होतो तेव्हा तू नाही का जीप नको म्हणालीस?"

मी "बघू" म्हणाले आणि फोन ठेवला. हे "बघू" मी चाळीसच्या वर वर्षं म्हणत आलेय. आता लिहूनच काढते. शाळा मी पाहिली नाही, मुलींच्या पाटीवर अक्षरं गिरवत शिकले, तेव्हा कुठं चुकलं तर सांभाळून घ्या.

आमचे हे चिकलठाण्याला एका कारखान्यात मशिनी दुरुस्त करायचे. धनगराघरचा माणूस, बाप मेंढरांमागं रानोमाळ हिंडलेला, आणि हे तेलानं काळे झालेले हात घेऊन घरी यायचे. मशीन बंद पडायला काही काळवेळ नसते. सायकलवर यायला उशीर होतो म्हणून मालकानं यांना गाडी द्यायचं ठरवलं. आवारात दोन जुन्या गाड्या उभ्या होत्या. एक लांब जीप, मागं समोरासमोर बाकडी असलेली, आणि एक चार दारांची छोटी काळी गाडी. "घरच्यांना आणा, बसवून बघा, पटेल ती न्या," मालक म्हणाला. भला माणूस होता.

झालं, सगळं घर टांग्यात बसून गाडी बघायला निघालं. सासूबाई, म्हणजे आमच्या आत्याबाई, दोन मुली, आणि मी पाच महिन्यांची पोटुशी. कारखान्याच्या फाटकाशी यांचा दोस्त वाट बघत उभा. हा आमच्याच गावचा, गंगापूरच्या वाटेवरचा. आमचं घर ओढ्याच्या अलीकडं, त्याची वस्ती पलीकडं, गावाच्या बोलीत 'तिकडली' वस्ती. दोघं एकाच एसटीनं शहरात आले, एकाच मशिनीवर काम शिकले. त्याची बायको, पोरं, म्हातारे आईबाप गावीच असायचे. दर शनिवारी तो एसटीला लटकून घरी जायचा.

"वहिनी, जीपच घ्या," तो म्हणाला. "शनिवारी मला बी मागं टाका मेंढरावानी. लटकून लटकून हात लांब झालेत माझे."

"तू कशाचं मेंढरू, तू तर बोकड हाईस," आत्याबाई म्हणाल्या, आणि सगळे हसलो.

जीपला आत्याबाईंनी एकदा पाय लावून बघितला. "ह्याच्यापरीस घोडं बरं," म्हणून मागं फिरल्या. छोट्या गाडीत मात्र चपला बाहेर काढून बसल्या, देवळात बसावं तशा. दाराचा दांडा फिरवला की काच वर-खाली होते म्हटल्यावर त्यांना खेळच मिळाला. दोस्त दाराला टेकून बाहेर उभा. "बोटं काढ रं, चेंगरतील," त्या म्हणायच्या आणि परत दांडा फिरवायच्या. हे पुढं बसलेले. म्हणाले, "अरे, तू बी बस की." आत्याबाई म्हणाल्या, "आधी घरचे बसू दे." तो बाहेरच राहिला.

मग यांनी मागं वळून मला विचारलं, "काय म्हणतीस? मला तर जीप बरी वाटती. आपलं घर वाढतंय. अन् गावाला जाता-येता त्याचं बी बिऱ्हाड मावंल."

मी काय म्हणाले ते आजवर कुणाला सांगितलं नाही. म्हणाले, "जीप घेतली की मागं त्यांची अख्खी वस्ती येऊन बसंल. आपण त्यांच्या गुडघ्याला गुडघा लावून गावात उतरायचं का? सोयरे काय म्हणतील? आपली आपल्यापुरती घ्या."

"खरंय तिचं," आत्याबाई म्हणाल्या. "वाड्याला जाळी लावताना आपल्या मेंढरांपुरतीच लावती मी."

यांचं तोंड उतरलं. तेवढ्यात बाहेरून दोस्त म्हणाला, "भाऊ, छोटीच घ्या. वहिनी पोटुशा हायेत, जीपमधी हादरे बसतील."

मी लगेच धरलं, "व्हय, हादरे बसतील." मनात म्हटलं, बरं झालं, आयतं कारण मिळालं. गाडीपुढं फोडायला नारळ त्यानंच आणला होता.

त्याच पावसाळ्यात नामांतराचा ठराव झाला. दलितांच्या सगळ्यात मोठ्या माणसाचं नाव विद्यापीठाला द्यायचं ठरलं. दोस्त पेढे घेऊन आला. पेढे संपायच्या आत मराठवाड्यात गावोगाव वस्त्या पेटायला लागल्या.

एके दिवशी भर दुपारी तो दारात उभा राहिला. पायात चप्पल नव्हती. म्हणाला, "भाऊ, शेजारच्या गावात घरं जाळली. आज आमच्याकडं येणार म्हणत्यात." यांनी हातातला घास ताटात टाकला, किल्ली घेतली, आणि दोघं गेले.

पुढचं यांनी मला एकदाच सांगितलं. वस्तीवर बाकीचे रानात पांगले होते. घरात राहिले होते दोस्ताची बायको, तीन पोरं, आई, विधवा भावजय, तिचं तान्हं, आणि म्हातारा बाप. सगळ्यांना कोंबलं. मांडीवर मांडी, पोरं पायाशी. दार लागेना. म्हातारा निम्मा आत, निम्मा बाहेर. मग म्हाताराच आपणहून उतरला. पाठ लावून त्यानं बाहेरून दार बंद केलं आणि म्हणाला, "निघा. मी ओढ्यात बसतो. दुसऱ्या फेरीला घ्या मला."

त्यांना आमच्या घरी उतरवून दोघं तसेच परत फिरले. वाळूजच्या पुढं रस्त्यावर बाभळी तोडून आडव्या टाकलेल्या. पलीकडं काठ्या घेतलेले लोक. गाडी जाईना, माणूस जाईना. पोचले ते दुसऱ्या दिवशी सकाळी. वस्तीची राख झालेली. म्हातारा ओढ्यातच होता. डोक्यात मार, पण धुगधुगी होती. सरकारी दवाखान्यात चौथ्या दिवशी गेला.

ते चार दिवस ती माणसं माझ्या स्वयंपाकघरात होती. मी भाकरी थापायची, भावजय भाजायची. जागा एवढीशी, गुडघ्याला गुडघा लागायचाच. तान्हं माझ्या मांडीवर झोपायचं. आत्याबाई म्हातारीचे पाय चेपायच्या, बोलायच्या मात्र नाहीत.

भेटायला आलेल्यांतलं कुणीतरी म्हणालं, "जीप असती तर म्हातारा बी आला असता." दोस्त म्हणाला, "वहिनी पोटुशा होत्या. जीपमधी कशा बसणार? त्यात त्यांचा काय दोष?" पुढंही कुणी विषय काढला की तो हेच सांगायचा. पंधरा-सोळा वर्षांनी विद्यापीठाला नाव मिळालं, तेव्हा पेढे घेऊन आला, तेव्हाही हेच. माझा मुलगा हेच ऐकत वाढला. त्याला वाटतं, तो पोटात होता म्हणून एक म्हातारा मागं राहिला.

म्हणून काल मीच मुलाला फोन लावला आणि सगळं सांगितलं. तू पोटात होतास त्याचा काही संबंध नाही, माझ्या तोंडचे शब्द हे होते, म्हटलं. यांच्या दोस्ताला तो काका म्हणतो. त्यानं विचारलं, "काकाला माहीत आहे हे?"

"नाही. काच वर होती," मी म्हणाले. इतकी वर्षं मी स्वतःला हेच सांगत आले होते.

आणि बोलता बोलताच मला ती बोटं दिसली. दाराच्या कडेवर, आतल्या बाजूला, तेलानं काळी झालेली चार बोटं. आत्याबाई शेवटचं म्हणाल्या होत्या, "काढ रं," आणि त्यानं काढली नव्हती, म्हणून त्यांनी दांडा सोडून दिला होता, काच खालीच राहिली होती. मग हे मागं वळले, मग मी बोलले, आणि मग तो म्हणाला, हादरे बसतील.

दोस्त आता पुंडलिकनगरला मुलाकडं असतो. दिसतं कमी, ऐकायला चांगलं येतं. मी मुलाला म्हटलं, मोठी गाडी घे. आणि आणलीस की आधी मला त्याच्या घरी ने.