कळंबची निळी ट्रॉली

ती निळी ट्रॉली डोळ्यांसमोर आली की आजही मी थोडा अस्वस्थ होतो. प्रकरण खुनाचं नव्हतं, दरोड्याचंही नव्हतं. ट्रॅक्टरमागे लावून भात वाहतात ती जुनी लोखंडी ट्रॉली, एवढाच मामला. वर्तमानपत्रात दोन ओळीही आल्या नाहीत. पण एका निर्दोष माणसाला आरोपी करायची माझी सगळी तयारी झाली होती, म्हणून ती विसरता येत नाही.

मी मूळचा परभणीकडचा. घरच्या अडचणीमुळे नववीत शाळा सुटली. त्या काळी कमी शिकलेल्यांनाही शिपाई म्हणून घेत, म्हणून खात्यात आलो आणि घरापासून इतक्या लांब, रायगडच्या या पट्ट्यात, नोकरी काढली. खात्याने मला उभं केलं आणि कर्जत-खालापूरच्या लोकांनी आपल्यात घेतलं. हे उपकार मी मानतो. तरी पंचनामा लिहायला बसलो की शेवटपर्यंत धाकधूक असायची. काही चुकलं तर कोर्टात वकील सगळ्यांदेखत वाचून दाखवील, ही भीती कधी गेली नाही. त्या वेळी मी सहायक फौजदार होतो आणि निवृत्तीला दोन-तीन वर्षं उरली होती.

भाद्रपद लागला होता. खालापूर तालुक्यातला एक शेतकरी ठाण्यात आला. ट्रॅक्टर दुरुस्तीला गेलेला असताना रस्त्याकडेच्या मांडवातून त्याची ट्रॉली गेली होती. ठाणे अंमलदाराने नंबर विचारला, तर म्हणाला, शेतातल्या ट्रॉलीला कसला नंबर. मग ओळख काय?

"लाल हाय. जुनी हाय. माझी हाय."

ठाण्यात हशा झाला. तो मात्र हसला नाही. मी त्याला खुर्ची दिली आणि सावकाश विचारलं, तेव्हा कामाची एक खूण मिळाली. डाव्या चाकाच्या डिस्कला तडा गेला होता आणि तिथे त्याने गाडीच्या कमानपाट्याचा तुकडा वेल्डिंग करून बसवला होता, तोही तिरका. फिर्याद घेतली, चोरीचा गुन्हा नोंदला.

महिनाभर काही हाती लागलं नाही. मग कर्जतच्या एका पंक्चरवाल्याने बातमी दिली. असल्या दुकानात वाहनं थांबतात, माणसं बसतात, बोलतात. मी जाता-येता त्याच्याकडे चहा घेत असे. तो म्हणाला, कळंबला एका माळ्याने जुनी ट्रॉली घेतली आहे आणि आणून चार दिवस झाले नाहीत तोच तिला निळा रंग मारला आहे. "जमादार, जुनी वस्तू घेतली की मानूस आदी टायर बघतो, बेअरिंग बघतो. रंगाची एवढी घाई कुनाला असती?"

मला ते पटलं. चोरीचं वाहन रंगवतात, हे मी नोकरीभर पाहिलं होतं.

तो माळी कळंबजवळच्या एका रिसॉर्टवर कामाला होता. घरची थोडी भातशेती आणि ही नोकरी, यावर घर चालत होतं. आम्ही तिघे वर्दीत गेलो, तेही शनिवारी, पाहुण्यांच्या गाड्या फाटकावर उभ्या असताना. हातातला पाइप तसाच टाकून तो बाहेर आला. मॅनेजरने मला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं की माणूस कामाला चांगला आहे, पण गुन्ह्यात नाव आलं तर मालक त्याला ठेवणार नाहीत; प्रकरण मिटेपर्यंत त्याने कामावर येऊ नये.

ट्रॉली घराच्या अंगणात होती. निळीशार, मागच्या बाजूला पिवळ्या अक्षरांत गावदेवीचं नाव. फिर्यादीला सोबत नेलं होतं. तो थेट डाव्या चाकाशी वाकला, आतून हात फिरवला आणि खालीच बसला.

"हीच. ह्यो तिरका पाटा माजाच."

दोन पंचांसमक्ष ट्रॉली जप्त करून ठाण्याच्या आवारात आणली.

चौकशीत मी माळ्याला बाकावर बसवलं, चहा दिला आणि तेच प्रश्न तीनदा विचारले. ही माझी जुनी पद्धत. पाठ केलेलं खोटं प्रत्येक वेळी त्याच शब्दांत येतं. खरं सांगणारा बारीकसारीक गोष्टींत चुकतो. हा एकदा मंगळवारी घेतली म्हणाला, एकदा बुधवारी. माझ्याच पद्धतीने पाहिलं तर ही त्याच्या बाजूची गोष्ट होती. पण माझ्या डोक्यात निळा रंग बसला होता. मी ते त्याच्याविरुद्ध धरलं.

त्याचं म्हणणं असं. खालापूरजवळ जुन्या हायवेला एक शेड आहे, तिथे जुन्या ट्रॉल्या दुरुस्त करून विकतात. बायकोला घेऊन तो तिथे गेला आणि ट्रॉली पसंत केली. शेडवाल्याने नारळ फोडला, हातावर हात दिला, सौदा झाला. पावती मागायचं त्याला सुचलं नाही. नारळ फुटल्यावर कागद मागणं म्हणजे समोरच्यावर अविश्वास दाखवणं, असं या भागात अजून पुष्कळजण मानतात.

"आणि रंग?" मी विचारलं. "एवढी घाई कसली होती?"

"दसरा आला ना, सायेब. पयलीच ट्रॉली आमची. गंजक्या पत्र्याला हळदकुंकू लावू का? देवीचं नाव गंजावर लिवू?"

शेडवाल्याला बोलावलं. इस्त्रीचा शर्ट, शांत बोलणं. तो म्हणाला, मी या माणसाला आयुष्यात पाहिलेलं नाही, ही ट्रॉली माझ्या शेडमध्ये कधी नव्हती. माळी उठून उभा राहिला. "आवो, तुमीच नारळ फोडला. अर्धी वाटी माझ्या बायकोच्या पदरात घातली." शेडवाला माझ्याकडे बघून नुसता हसला. "साहेब, रोज नारळ फोडतो मी. दुकान आहे."

माळ्याकडे कागद नव्हता, साक्षीदार फक्त त्याची बायको. प्रभारी अधिकाऱ्यांनी फाइल पाहिली आणि सांगितलं, चोरीचा माल बाळगल्याचं कलम ४११ सरळ लागतंय, बायकोचा जबाब घ्या आणि उद्या अटक दाखवा. त्यांचं चुकलं नव्हतं. फाइलमध्ये जे होतं ते मीच लिहिलेलं होतं. 'ओळख लपवण्याच्या उद्देशाने रंग दिला', हे वाक्य माझ्याच अक्षरात होतं.

सकाळी महिला शिपायाला घेऊन कळंबला गेलो. माळ्याच्या बायकोने पाणी दिलं आणि दाराला टेकून उभी राहिली. बस म्हणाली नाही.

"आमच्याच घरातलं पानी पिता आन् आमालाच चोर म्हनता."

 मी जबाब सुरू केला. ट्रॉली कधी आली, कोणी आणली, आल्यावर काय केलं. ती म्हणाली, आधी केरसुणीने झाडली, मग धुतली. पत्र्याच्या सांध्यात बी अडकलं होतं. भात असेल म्हणून काडीने कोरून काढलं तर भात नव्हे. कसलं पांढरं, टणक. कोंबड्यांना टाकलं तर त्यांनीही टोचून सोडून दिलं.

मी सहज विचारलं, मग फेकून दिलंत?

"बी कोन उकिरड्यावर टाकतं का? डब्यात हाय."

तिने फळीवरचा पत्र्याचा डबा काढला आणि माझ्या हातावर उपडा केला. मूठभर दाणे. मी पाहिलं आणि लिहायचं थांबलो. ती करडई होती.

माझं लहानपण करडईच्या रानात गेलं. काटे लागतात म्हणून हाताला फडकी गुंडाळून ती आम्ही काढायचो. अंधारात हाताला लागली तरी मी ओळखीन. पण कर्जत-खालापुरात इतकी वर्षं राहून करडईचं एक झाड मी पाहिलं नव्हतं. इथे भात होतं, वाल होतो, आता फार्महाउसं होतात. सांध्यात घट्ट बसलेली करडई म्हणजे या ट्रॉलीने पूर्वी कधीतरी ती पोत्यांनी वाहिली होती. म्हणजे ट्रॉली घाटावरची. आणि फिर्यादीची तर कधी तालुक्याबाहेर गेली नव्हती, असं त्याने फिर्यादीतच सांगितलं होतं.

पोलीस पाटील आणि एक शेजारी यांना पंच घेऊन दाणे सीलबंद केले. परत येताना महिला शिपायाने विचारलं, "काका, एवढ्याशा बियांनी काय होणार?" मी म्हणालो, बघू. आतून मात्र घाबरलो होतो. अटकेचा कागद संध्याकाळी सहीला जाणार होता.

फिर्यादीला तातडीने बोलावून घेतलं. ट्रॉलीतून आजवर काय काय वाहिलं, ते विचारलं. भात, पेंढा, शेणखत. दुसरं काय असणार, तो म्हणाला. कोणाला वापरायला दिली होती का? कधीच नाही. मग त्याला म्हटलं, चाकाकडे बघू नका, वर चढा आणि आतून बघा. तो चढला. खाली उतरून मागचा फाळका उघडला, लावला, परत उघडला. एका हाताने.

 त्याच्या ट्रॉलीचा फाळका वाकलेला होता आणि लावायला दोन माणसं लागायची, हे नंतर त्याने सांगितलं.

"सायेब, ट्रॉलीचा वरचा डबा माजा नाय." मग घाईने म्हणाला, "पन चाक माजंच हाय. आईशप्पत."

त्या दिवशी हे का नाही पाहिलंत, असं मी विचारलं. तो म्हणाला, चाक दिसलं, मग बाकीचं कोण बघतो?  मी स्वतः तरी कुठे पाहिलं होतं. दोन माणसं परस्परविरुद्ध शपथा घेत होती आणि दोघंही खरं बोलत होती. चाकं आणि आस फिर्यादीची, वरचा डबा घाटावरचा. हे लग्न कोणीतरी लावलं होतं.

साहेबांनी ऐकून घेतलं, अटकेचा कागद बाजूला ठेवला आणि म्हणाले, शेडवाल्याला आणा.

आता खरी परीक्षा होती. त्याला चोरीबद्दल विचारलं असतं तर तो पुन्हा हसला असता. मी चाकाचा विषयच काढला नाही. टेबलावर करडईची सीलबंद पुडी ठेवली आणि म्हणालो, या ट्रॉलीचा डबा घाटावरून चोरून आणलेला दिसतोय. तिकडच्या ठाण्यांना कळवतो, ते तुम्हाला चौकशीला नेतील.

इस्त्रीच्या शर्टाला घाम आला. "साहेब, डबा चोरीचा नाही. भंगारात रीतसर घेतलाय. पावती आहे माझ्याकडे."

"दाखवा."

तासाभरात त्याचा माणूस पावती घेऊन आला. शिक्का, सही, डब्याची लांबी-रुंदी, सगळं व्यवस्थित. आवारातल्या निळ्या ट्रॉलीला टेप लावला, मापं जुळली. मी पावती फाइलला लावली आणि म्हणालो, ही ट्रॉली तर तुमच्या शेडमध्ये कधी नव्हती ना?

तो पावतीकडे बघत राहिला. डबा चोरीचा नाही हे सिद्ध करण्याच्या नादात तो डबा आपला होता, याचा पुरावाच त्याने स्वतःहून आणून दिला होता. हात उगारावा लागला नाही, आवाजही चढवला नाही. त्याने पाणी मागितलं आणि तो सांगायला लागला. घाटावरचा डबा चांगला होता, पण त्याची चाकं गेलेली. फिर्यादीची ट्रॉली मांडवात एकटी उभी दिसली, तर ती सरळ शेडमध्ये ओढून नेली. चाकं आणि आस काढून या डब्याखाली लावली, उरलेला लाल डबा कापून भंगारात घातला. त्यानंतर नारळ फोडला.

तो आरोपी झाला, माळी साक्षीदार. पुढे कोर्टाचा हुकूम आला की चाकं आणि आस फिर्यादीला द्यावी, डबा माळ्याला.

त्या दिवशी दोघंही ठाण्यात आले. फिर्यादी जॅक आणि पाने घेऊन आला होता. माळी आणि त्याची बायको डब्याखाली ठेवायला चार दगड घेऊन आले होते. फिर्यादीने जॅक लावला, पुन्हा काढला, डोकं खाजवलं.

"वयनी, माजा डबा तर कापून गेला. नुसती चाकं नेऊन मी काय त्याच्यावर बसू?"

"आन् आमी डब्यात काय कोंबड्या घालू?" ती म्हणाली.

मग तिथेच मातीत बसून त्यांचं बोलणं झालं. फिर्यादीचं भात हळवं, म्हणजे लवकर येणारं, ते कापणीला उभं होतं. माळ्याचं गरवं, ते दिवाळीनंतर येणार. तेव्हा ट्रॉली आधी खालापुरात जाईल, हळव्याची झोडणी झाली की कळंबला येईल. हुकुमाप्रमाणे ताब्यात दिल्याचे दोन वेगळे कागद मी केले, दोघांच्या सह्या घेतल्या. त्यानंतर त्यांनी त्या वस्तू एकत्र ठेवायच्या की सुट्या, हे माझ्या अखत्यारीत नव्हतं. यावेळी मात्र दोघांत साध्या कागदावर करार करा, असा मी आग्रह धरला. माळी म्हणाला, "आता तुमी सांगाल तर नारळाची पन पावती घेतो, सायेब."

जाताना तो मागे रेंगाळला. मालकांना एक फोन कराल का, असं त्याने विचारलं. सोळा दिवस तो कामावर गेला नव्हता.

मी फोन केला नाही. पुढच्या शनिवारी वर्दी घातली, त्याला सोबत घेतलं आणि पाहुण्यांच्या गाड्या लागल्या असताना रिसॉर्टच्या फाटकावर गेलो. मॅनेजरला बाहेर बोलावलं आणि आजूबाजूच्या सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, की या माणसाचा गुन्ह्याशी काही संबंध नाही, चूक पोलिसांची होती, चौकशी मी केली होती. हे कोणत्याही नियमात बसत नाही आणि वरिष्ठांना कळलं असतं तर बोलणी खावी लागली असती. 

त्या प्रकरणाने मला एवढं शिकवलं की माणसाने काय केलं, हे लिहिताना त्याने ते का केलं, हे आपण आपल्या मनाचं लिहून टाकतो. रंग दिला, एवढंच मला दिसलं होतं. पुढचं वाक्य मी जोडलं होतं. त्यानंतर निवृत्तीपर्यंत मी 'उद्देशाने' हा शब्द लिहिण्याआधी प्रत्येक वेळी पेन खाली ठेवत असे आणि समोरच्याला आणखी एकदा विचारत असे.

मॅनेजरने मान हलवली आणि फाटक उघडलं. माळ्याने मला नमस्कार वगैरे काही केला नाही. तो आत गेला, नळाला पाइप लावला आणि पहिल्यांदा फाटकाजवळची सुकलेली जास्वंद भिजवायला लागला.