पाण्यात उमटलेले दोन पट्टे

आमच्या घरी अमावास्येला नारळ-लिंबूसुद्धा कधी कुणी उतरवलं नाही, आणि मी तर सायन्सवाली! त्यामुळे हे लिहिताना मलाच कसंतरी होतंय... पण घडलं ते घडलं.

नव्वदच्या दशकाची अखेर, बडोद्यातली एक लॅब. तुरीच्या रोगट पानांतून आरएनए काढायचं माझं काम. पानं जवळच्या पादरा गावाकडची, तिथलं शेत कापून झालं होतं, म्हणजे पुन्हा सॅम्पल मिळणार नव्हतं. आरएनए भारी नाजूक – उघडं बोट लागलं तरी त्याचे तुकडे होतात. नीट निघाला तर जेलमध्ये, म्हणजे तो ज्यातून सरकवतात त्या लुसलुशीत थरात, यूव्ही प्रकाशाखाली दोन ठळक पट्टे दिसतात. ते दिसले तर पीएचडीची एकुलती एक जागा माझी, नाहीतर मीनलची.

मीनल बडोद्यातल्याच वाडी भागातली, माझी जिवाभावाची मैत्रीण. माझं अक्षर गिचमिड, म्हणून माझ्या ट्यूबांवर नंबरसुद्धा तीच घालायची. त्या दिवशी आरएनए काढून मी ट्यूब बर्फात ठेवली. मीनल म्हणाली, जेवून ये, मी बघते. मी निवांत जेवून आले.

दुपारी जेल चालवला. सरांनी यूव्ही लावला... दोन पट्टे! सर "बहु सरस" म्हणाले, फोटो काढून बाहेर गेले. मी खोलीतला दिवा लावून मीनलला मिठी मारायला वळले, तर ती पांढरीफटक.

"हे कसं आलं? मी तर नुसतं पाणी भरलं होतं त्यात."

मला आधी कळेचना. मग ती रडत सांगत सुटली – माझा आरएनए बेसिनमध्ये ओतला, नव्या ट्यूबवर तोच नंबर घातला, पाणी भरलं. वर म्हणते, "जवा दे ना, सोडून दे आता. आलं ना तुझं?"

मी तडक सरांना सांगितलं. त्यांनी विचारल्यावर ती माझ्यादेखत म्हणाली, मी असं काही बोललेच नाही. सरांनी तीच ट्यूब पुन्हा चालवायला लावली. रेघसुद्धा उमटली नाही. सरांनी पहिला फोटोही बाद धरला, आणि जागा मीनलला मिळाली.

जेलच्या शेजारच्या खान्यातून सांडून आलं म्हणावं, तर त्या जेलवर दुसरा आरएनएच नव्हता. मोठमोठ्या लोकांना विचारून झालं, आजही विचारते.

ते पट्टे आले नसते, तर हात माझाच वाईट असं समजून मी मीनलच्याच खांद्यावर रडले असते... आणि ती आजही माझी मैत्रीण असती. खरं सांगते, कधीकधी तेच बरं होतं असं वाटतं.