जैनुद्दीन मिस्त्री आणि जानरावाचं शॉकअप

वलगावच्या बसस्टँडजवळ माझं शिवणकामाचं दुकान आणि जैनुद्दीनचं सायकलचं, मध्ये एकच भिंत. तीही अर्धीच, त्यामुळे त्याचं बोलणं मला एकवीस वर्षं फुकटात ऐकायला मिळालं. कोणी घरी पाना-हातोडा घेऊन सायकलीशी खेळ केला आणि मग ती त्याच्याकडे आणली, की तो नट उघडायच्या आधीच विचारायचा, "कोन्या गध्यानं हात लावला याले?" समोर उभा असलेला बहुतेक वेळा तोच गधा असायचा. तरी लोक यायचे, कारण बाकीचे मिस्त्री सरळ पार्ट बदलायचे आणि हा आधी दुखणं कुठं आहे ते शोधायचा.

ही गोष्ट दोन हजार सहाची. तेव्हा पेपरात रोज जीव दिलेल्या शेतकऱ्यांचा आकडा यायचा. सुरुवातीला मी तो मोठ्यानं वाचायचो, मग मनात, मग पान उलटायला लागलो. गेलेल्या माणसाची पँट घेऊन बाया माझ्याकडे यायच्या, पोरासाठी आखूड करायला. त्याची सायकल जैनुद्दीनकडे जायची, सीट खाली करायला. तो फक्त "किती?" म्हणायचा. बाई पोराच्या कमरेजवळ हात धरून दाखवायची, हा नट सैल करायचा, सीट खाली दाबायचा, आवळायचा. मला वाईट वाटायला हवं होतं. वाटत नव्हतं. मी टीप मारायचो आणि पुढचं कापड घ्यायचो.

दिवाळी होऊन गेली होती. एका सकाळी मैनाबाई आणि तिची नववीतली पोरगी प्रणाली सायकल ढकलत आल्या. मैनाबाईचा नवरा जानराव जाऊन दोन महिने झाले होते. कसा गेला, हे त्या वर्षी कोणी कोणाला विचारत नसे. मी सीटकडे पाहिलं, ती आधीच खाली होती. सायकल पोरीचीच होती, जुनी, काळी, आणि तिला पुढचं चाक धरायला लालभडक शॉकअपवाला चिमटा. म्हातारीनं गॉगल लावावा तशी ती दिसत होती.

"हे काढून टाका, जैनूभाऊ," मैनाबाई म्हणाली. "साधा चिमटा लावा. पुलाच्या उतारावर हँडल अडकते हिचं. परवा पडली."

"काढायचं नाही," पोरगी म्हणाली. "फक्त आवाज बंद करा. शॉकअप राहू द्या."

"पडून मेली म्हणजे?"

पोरीनं हँडल सोडलं नाही.

जैनुद्दीननं तिच्याकडून सायकल घेतली. पुढचा ब्रेक दाबला, दुसऱ्या हाताची बोटं हँडलखालच्या सांध्यावर ठेवली आणि सायकल मागंपुढं हलवली. खट्. पुन्हा खट्. वरचा नट आवळला तर आवाज थांबला, पण हँडल वळेना. सैल केला तर हँडल वळलं आणि खटखट परत आली. तीनचारदा त्यानं हेच केलं.

"वरून कितीही आवळा, काही होत नाही. खालीच बसलं नाही हे," तो म्हणाला आणि सवयीनं पुढचंही बोलून गेला, "कोन्या गध्यानं हात लावला याले?"

"तिच्या बाबानं," मैनाबाई म्हणाली.

जैनुद्दीन पाना शोधायला आत गेला. पाना त्याच्या हातातच होता.

बाहेर येऊन त्यानं चिमटा खाली ओढून काढला. चिमट्याच्या मानेभोवती खाली एक कडी घट्ट बसवलेली असते, छर्रे तिच्यावर फिरतात. जानरावानं जुन्या चिमट्याची कडी नव्या चिमट्याला घातली होती आणि ती केसभर मोठी होती. मधली फट भरायला त्यानं मानेला सूत गुंडाळून वर सफेदा लावला होता, विहिरीवरच्या मोटरच्या पाइपाला लावतात तसा. सूत दबलं आणि कडी तिरपी झाली. एवढंच दुखणं होतं. मी भिंतीवरून वाकून पाहिलं, वेढे एकाशेजारी एक होते, एकही एकमेकांवर चढला नव्हता.

"चुकलं होतं का त्यायचं?" प्रणालीनं विचारलं.

"हो," जैनुद्दीन म्हणाला. त्याला खोटं जमत नसे. "पाइपाले चाललं असतं. इथं लोखंडाले लोखंडच लागते. पण हात साफ होता तुह्या बाबाचा. घाईचं काम नाही हे."

पोरगी सुताकडे बघत राहिली. मग धडा म्हणून दाखवावा तशा आवाजात बोलायला लागली. "अकोल्याहून आणलं होतं त्यायनं. मीच हट्ट केला होता. बसवलं आन् म्हणाले, चालवून पाय. मी चालवलं. म्हटलं, आवाज येते, तुमाले काहीच जमत नाही. ते म्हणाले, रविवारी मिस्त्रीकडे नेतो." ती थांबली. "शुक्रवारी गेले."

माझं मशीन थांबलं. जैनुद्दीननं पाना खाली ठेवला.

"बेटी," तो म्हणाला, "मी दिवसभर लोकायले गधा म्हणतो. त्यानं कोनी मरत नाही."

तिला ते पटलं की नाही, कळलं नाही. मैनाबाई मात्र माझ्या दुकानाच्या पायरीवर खाली बसली.

"हे मले काहून नाही सांगितलं तू?"

"तू बोलत कुठं होतीस?"

दोन महिने मैनाबाई कोणाशीच बोलत नव्हती, हे साऱ्या गावाला ठाऊक होतं आणि आम्ही तिला धीराची बाई म्हणत होतो. स्वतःचीच लाज वाटली मला, आणि तेवढं वाटलं याचंही बरं वाटलं.

"राहू द्या ते शॉकअप," मैनाबाई जैनुद्दीनला म्हणाली.

त्यानं सूत खरवडून काढलं. पातळ पत्र्याची पट्टी कापून मानेभोवती बसवली, पाइपाचा तुकडा वर ठेवून कडी ठोकत ठोकत सरळ खाली नेली, नवे छर्रे, नवं ग्रीस. ब्रेक दाबून सायकल हलवली. आवाज नव्हता. एका बोटानं हँडल वळत होतं.

"बसून जा आता," तो म्हणाला.

प्रणाली बसली नाही. तिनं एका बाजूनं हँडल धरलं, दुसऱ्या बाजूनं मैनाबाईनं. दोघी शाळेच्या नाही, घराच्या रस्त्याला लागल्या. मैनाबाई काहीतरी विचारत होती आणि पोरगी सांगत होती.