साहेब ऐकायला शिकले

साखर कारखान्याच्या आमच्या गट ऑफिसात उसाच्या नोंदी कमी आणि किस्से जास्त जमा होतात. त्यातले निम्मे एकट्या पिसाळसाहेबांचे!

मध्यंतरी पुण्याच्या एका बाईंनी आम्हाला ट्रेनिंग दिलं. समोरचा चिडला की वाद घालू नका, प्रश्न विचारा आणि उत्तर ऐका. आम्ही डुलक्या काढत होतो. साहेब मात्र वहीत उतरवून घेत होते. गरजच होती बिचाऱ्यांना. वहिनी दीड महिना माहेरी, निरवांगीला जाऊन बसल्या होत्या आणि साहेबांचा फोन उचलत नव्हत्या.

*

दुसऱ्याच दिवशी सांगवीचे तात्या तणतणत आले. उसाला तुरे आले तरी कारखान्याची तोडणी मिळेना.

साहेबांनी खुर्ची पुढं ओढली. "तात्या, तुम्हाला आत नेमकं काय वाटतंय?"

तात्यांनी माझ्याकडं बघितलं. "ह्यास्नी बरं न्हाय का?"

तेवढ्यात साहेबांनी उत्तरही देऊन टाकलं. "तुम्हाला एकटं वाटतंय."

"एकटा कुठला? आख्ख्या शिवाराचा ऊस हुबा हाय!"

साहेबांनी वहीत लिहिलं, 'शेतकरी मोकळा झाला.'

*

जळोचीच्या शिंदे मॅडमनी अर्ध्या दिवसाची रजा मागितली. दाढ दुखत होती.

"हे झालं वरवरचं," साहेब म्हणाले. "खरं कारण काय? घरी कुणी बोललं का?"

मॅडमनी आ केला आणि दाढच दाखवली. साहेबांनी वाकून नीट बघितली, मग म्हणाले, "सासूबाईच असणार."

*

मग एका रविवारी साहेब वहिनींना आणायला निघाले. सोबत मी. वहिनींनी ओट्यावर चहा आणून दिला. त्या यायला हव्यात असं मलाही मनापासून वाटत होतं. डब्याचं खाऊन माणूस निम्मा झाला होता.

"तू का निघून आलीस? मला खरंच जाणून घ्यायचंय," साहेब म्हणाले. आवाज अगदी मऊ.

वहिनी खाली बसल्या. "आता इचारलंच हाय तर सांगते. मी बोलाय लागले की तुमी..."

"थांब, मी सांगतो तुझं काय झालंय ते."

आणि साहेबांनी सांगितलं. वहिनींना काय वाटतं, कधीपासून वाटतं, त्यात चूक कुणाची. चहा गार झाला. वहिनींनी मध्ये एक शब्द टाकला नाही. ट्रेनिंगमधलं ते ऐकणं मी पहिल्यांदाच डोळ्यांनी पाहिलं.

साहेब थांबले. वहिनींनी कपबशा उचलल्या आणि माझ्याकडं वळल्या.

"भावजी, मी येनार हाय का न्हाय, ते बी ह्यास्नीच इचारा."